म्हातारीला अर्धा जुलाब

सुप्यात खोली बघायला गेले तेव्हा घरमालकांनी मला नाव विचारलं नाही, गाव विचारलं नाही. ओट्यावर उभ्या उभ्या त्यांनी मला पायांपासून डोक्यापर्यंत न्याहाळलं आणि म्हणाले, "पाणी किती पिता?"

मी नगरहून एस.टी.त उभ्यानं आलेले. घशाला कोरड पडलेली. मला वाटलं, यांना विहिरीची काळजी दिसते. पारनेर तालुक्यात पाणी तुपासारखं वाढतात, हे नगरच्या माणसाला सांगावं लागत नाही. म्हणून मी शहाण्यासारखी म्हणाले, "फार नाही हो पीत. तांब्याभर पुरतं मला दिवसाला."

"मग खोली नाही मिळायची. कमी पिणारं जनावर आधी मूत्रपिंडानं जातं. पुढं मलाच बघावं लागतं."

मी पिशवी उचलून निघालेच होते, तेवढ्यात आतून हौसाबाई पदराला हात पुसत आल्या. त्या डॉक्टरांचा स्वयंपाक करायच्या आणि घरात शेवटचा शब्द त्यांचा असायचा. "अवो डाक्टर, बाईमानूस हाय ते, म्हस न्हाई. शाळंवर आल्यात त्या. द्या की खोली!"

डॉक्टरांनी पुन्हा एकदा माझ्या पायांकडे बघितलं. "डावा पाय जरा जपून टाकतात," ते म्हणाले, "पण चालेल."

लहानपणी माझा डावा घोटा मोडला होता. मला बघायला आलेल्या एकाही पाहुण्याच्या हे लक्षात आलं नव्हतं, आणि या गृहस्थानं ओट्यावरून ओळखलं. मला रागच आला. पण खोली चांगली होती, कडुनिंबाची सावली होती, आणि हौसाबाईंनी तेवढ्यात पाण्याचा तांब्या पुढे केला होता. तो मी डॉक्टरांच्या देखत उभ्यानं रिकामा केला आणि त्या घरात राहायला गेले.

डॉक्टर म्हणजे गुरांचे डॉक्टर. सरकारी दवाखान्यातून रिटायर झालेले, बायको जाऊन बरीच वर्षं झालेली. खाकी अर्धी विजार, वर कोट, डोक्यावर काळी टोपी. कोटाच्या एका खिशात थर्मामीटर आणि दुसऱ्यात गुळाचा खडा. थर्मामीटर फक्त जनावरांसाठी होता. गूळ मात्र जनावरांना आणि शाळेतल्या पोरांना त्याच खिशातून मिळायचा. मला एकदा देऊ केला, तेव्हा त्याला बैलाचा वास येत होता. तरी मी खाल्ला, कारण नाही म्हटलं असतं तर मला भूक का नाही यावर चर्चा सुरू झाली असती.

माणसं आणि गुरं यांच्यात ते फारसा फरक करत नसत. मला एकदा थंडीताप आला. डॉक्टर दारात येऊन उभे राहिले आणि गंभीरपणे विचारलं, "वैरण खाल्ली का सकाळी?" मी मान हलवली. मग त्यांनी जो दुसरा प्रश्न विचारला तो शेणाविषयी होता, आणि हौसाबाईंनी त्यांना दंडाला धरून बाहेर नेलं नसतं तर मी त्या तापातच नगरला पळून गेले असते. पण माझ्यासाठी गावातल्या माणसांच्या डॉक्टरला बोलावून आणलं ते त्यांनीच. तो येईपर्यंत ते दाराबाहेर बसून होते. "आधी बघावं, मग हात लावावा, मग बोलावं," असं ते नेहमी म्हणत. "लोक आधी बोलतात. तिथंच रोगी निम्मा जातो."

हाच न्याय त्यांच्या मोटारीलाही लागू होता.

ती एक जुनी विलायती गाडी होती. रंग कधीकाळी हिरवा असावा. साखर कारखान्यातला कोणी साहेब बदलून जाताना डॉक्टरांच्या गळ्यात बांधून गेला होता. त्यानंतर तालुक्यातला एकही गाडीरस्ता तिनं सोडला नव्हता. मैल मोजणारे आकडे एकदा सगळे नऊ होऊन पुन्हा शून्यावर आले, तेव्हा डॉक्टरांनी म्हणे गावात पेढे वाटले होते. "म्हातारीचा दुसरा जन्म झाला" म्हणून. तेव्हापासून तिचं नाव म्हातारी.

म्हातारीला पेट्रोलपेक्षा ऑइल जास्त आवडायचं. रोज सकाळी डॉक्टर बॉनेट उघडत, ऑइलची पट्टी बाहेर ओढून फडक्याला पुसत, पुन्हा बुडवून बघत, मग ते ऑइल अंगठा आणि बोटात चोळत आणि हुंगत. आदल्या दिवशी जेवढं प्यायली असेल तेवढं भरत. मग हँडल मारत. ती दोनदा खोकायची आणि तिसऱ्यांदा निळा धूर सोडून सुरू व्हायची. तो धूर माझ्या खोलीत यायचा. माझ्या वाळत घातलेल्या साड्यांना, उशीला, एकदा तर दह्यालाही त्याचा वास होता. हौसाबाई गाडीला धुराडं म्हणत. डॉक्टरांच्या समोर म्हणत.

तिच्यातून प्रवास करणं हे एक व्रत होतं. रस्त्यात गुरं आडवी आली तर डॉक्टर हॉर्न वाजवत नसत. रस्ता आधी गुरांचा, असं त्यांचं मत. वर एखादा बैल लंगडताना दिसला की गाडी तिथंच उभी. एकदा आमच्या शाळेची तपासणी करायला आलेल्या साहेबांची एस.टी. चुकली. हेडमास्तरांनी हात जोडले म्हणून डॉक्टर त्यांना नगरला सोडायला निघाले. मी मागे बसले होते. चासच्या अलीकडे रस्त्याच्या कडेला एक गाय विताना अडली होती आणि तिचा धनी डोक्याला हात लावून बसला होता. डॉक्टर उतरले, कोट काढून माझ्या अंगावर टाकला, बाह्या सरसावल्या आणि साहेबांना म्हणाले, "या. डोकं धरा हिचं. तोंडाशी गोड बोलत राहा."

पांढऱ्या पँटीतले ते साहेब गायीशी काय बोलले मला ऐकू आलं नाही, पण बराच वेळ बोलत होते. नगरला उतरले तेव्हा त्यांची पँट बघवत नव्हती. मला वाटलं, गेली आपली शाळा. साहेब गाडीच्या दाराशी घुटमळले आणि डॉक्टरांना म्हणाले, "कालवड होती ना?"

"कालवड."

"छान होती," म्हणून ते गेले. नंतर कितीतरी दिवस शाळेत कोणी आलं की हेडमास्तर ही गोष्ट सांगत.

डॉक्टरांना एकच मुलगा, विलास. पिंपरीकडच्या एका कारखान्यात इंजिनिअर होता. महिन्यातून एकदा शनिवारी पुण्याच्या एस.टी.नं यायचा. स्वभावानं शांत, वडिलांना अण्णा म्हणायचा आणि फार जपायचा. दर वेळी तेच बोलणं निघायचं आणि माझ्या भिंतीतून मला ते पाठ झालं होतं.

"अण्णा, आता गुडघे बघा तुमचे. चला माझ्याकडे. नातू विचारतो रोज."

"तुझ्याकडं तिसरा मजला. जनावर काय आहे तुझ्या घरात? पाल. आणि दूध येतं बाटलीतून. ज्या दुधाची गाय दिसत नाही ते मी पीत नाही."

एका शनिवारी मात्र विलास हट्टालाच पेटला. म्हणाला, मग कधी येणार ते तरी सांगा. डॉक्टर रागारागानं बाहेर आले, गाडीच्या टपावर थाप मारली आणि म्हणाले, "ही म्हातारी ज्या दिवशी बंद पडेल, त्या दिवशी ट्रंक उचलून तुझ्याकडं येतो. मागं वळून बघणार नाही. शब्द."

"शब्द?"

"शब्द!"

हौसाबाई दारातून म्हणाल्या, "आसा शबूद देऊ नये, डाक्टर. यंत्राचा काय भरवसा?"

पण दिला तो दिला. पुढं बहात्तरचा दुष्काळ आला, आणि हा शब्द किती महाग आहे ते आम्हाला सगळ्यांना समजलं.

त्या वर्षी कामरगावच्या अंगाला माळावर गुरांची छावणी पडली होती. चाऱ्याचे ट्रक यायचे, माणसं गुरांपाशीच राहायची. डॉक्टरांना तिथं कोणी बोलावलं नव्हतं. ते आपणहून जायला लागले, आणि मग त्यांच्याशिवाय तिथलं पान हलेना. सकाळी म्हातारीच्या मागच्या सीटवर औषधांची पेटी ठेवायची आणि निघायचं, दिवेलागणीला परत. गुडघ्यांमुळे त्यांना पायी चालवत नव्हतं. गावापासून छावणीपर्यंत त्यांचे पाय म्हणजे ती गाडी. स्वतःच्या आंघोळीचं पाणी ते तिच्या रेडिएटरमध्ये घालत आणि स्वतः ओल्या पंचानं अंग पुसत. इतके कामात होते, इतके थकलेले होते, आणि मी त्यांना इतकं आनंदात कधी पाहिलं नव्हतं.

गाडी मात्र धुळीनं आणि वापरानं खंगत चालली. धूर वाढला, चढावर दम लागायला लागला. ते पाहून पुढच्या वेळी विलास पुण्याहून एक चकचकीत डबा घेऊन आला.

"अण्णा, हे नवीन ऑइल आहे. तुमचं साधं ऑइल नुसतं वंगण करतं. हे इंजिन आतून धुतं. वर्षानुवर्षांची काजळी साठलीय ना आत, ती सुटी करतं."

डॉक्टरांचे डोळे बारीक झाले. "सुटी करून कुठं नेतं?"

"म्हणून तर सांगतो. आधी खालचं ऑइलचं चेंबर उघडायचं, सगळा गाळ खरवडून काढायचा, ऑइल गाळणारी जाळी धुवायची. मग हे भरायचं. थोड्या दिवसांनी तेही काढून पुन्हा नवं भरायचं. जुनं आणि नवं मिसळायचं नाही. गफूर मिस्त्रींना सांगून ठेवलंय मी."

गफूर मिस्त्रीचं गॅरेज स्टँडजवळ होतं. माणूस लाख मोलाचा, पण समोरच्याला नाही म्हणणं त्याच्या रक्तातच नव्हतं. "व्हय साहेब," तो विलासला म्हणाला, "समदं काढतो, समदं धुतो." विलास निश्चिंत होऊन पुण्याला गेला.

दुसऱ्या दिवशी डॉक्टर डब्यासमोर गालाला हात लावून बसले होते. हौसाबाईंनी त्यांना हळूच विचारलं, "डाक्टर, पोरानं काही भलतंसलतं तर न्हाई ना आनलं? गाडी मेली का तुमी पुन्याला."

"छे! विलास तसला नाही." मग एकदम त्यांचा चेहरा उजळला. "अहो, हा जुलाब आहे! आतून धुतं, घाण सुटी करतं, म्हणजे दुसरं काय? औषध चांगलंच आहे. पण डोस चुकीचा सांगतोय तो. म्हाताऱ्या जनावराला पुरा जुलाब दिला तर आतडी गळ्यात येतात. अर्धा द्यायचा. आणि चारा बदलताना जुन्यात नवा मिसळून, मूठ मूठ वाढवत न्यायचा. एकदम बदलला की पोट फुगलंच."

मिस्त्रीला बोलावलं. "गफूर, निम्मं जुनं राहू दे. निम्मं नवं घाल. चेंबर उघडू नकोस, म्हातारीला सोसायचं नाही."

"व्हय डाक्टर," मिस्त्री म्हणाला. "आर्धंच घालतो."

पहिले काही दिवस औषध लागू पडलं. धूर कमी झाला, माझ्या साड्यांचा वास गेला. आणि सोन्यासारखं दिसणारं ते ऑइल बघता बघता डांबरासारखं काळं झालं. डॉक्टर ती काळी पट्टी हातात धरून दारोदार दाखवत फिरले. "बघा बाई! घाण निघतेय!" मी मराठी शिकवणारी बाई, मला त्यातलं काय कळतंय. मी म्हणाले, छान.

मग गाडीच्या पोटाखाली ऑइलचं थारोळं साचायला लागलं. "सुटला जुलाब," डॉक्टर खुशीत म्हणाले आणि आत जाऊन एक परात आणून गाडीखाली सरकवली. हौसाबाई दुपारी भाकरी थापायला बसल्या आणि परात सापडेना. ती कुठं आहे हे कळल्यावर त्या जे बोलल्या ते लिहिण्यासारखं नाही. त्या दिवशी आम्ही सगळ्यांनी नुसता भात खाल्ला.

गाडीच्या पुढच्या फळीवर ऑइलच्या दाबाचा एक छोटा काटा होता. तो रोज थोडा थोडा खाली यायला लागला. मलासुद्धा ते दिसलं आणि मी बोलून दाखवलं. डॉक्टरांनी मला समजावलं, "जुलाबानंतर नाडी मंद होतेच, बाई. ताक प्यायला दिलं की येते वर." म्हातारीला ताक कसं देणार होते कोण जाणे.

त्या रविवारी मी आईकडे जायला निघाले होते. डॉक्टरांना नगरहून औषधं आणायची होती, तिथून ते छावणीवर जाणार होते. कामरगावच्या चढाला लागलो आणि बॉनेटखालून टक टक आवाज यायला लागला. डॉक्टर पुढे वाकून ऐकत होते. टकटक वाढत गेली, मग आतून काहीतरी कचकन बोललं आणि गाडी जागच्या जागी थांबली. डॉक्टरांचे हात तसेच स्टिअरिंगवर.  मग हलक्या आवाजात म्हणाले, "बाई, खाली उतरा. तिच्यावर वजन नको."

कोणीतरी ट्रकवाल्याबरोबर निरोप धाडला, तेव्हा मिस्त्री आला. त्यानं हँडल लावलं, सगळी ताकद लावली. हँडल तसूभर हललं नाही. त्यानं डोक्याचा रुमाल काढला आणि मयताला आल्यासारखा डॉक्टरांसमोर उभा राहिला.

"डाक्टर, इंजान बसलं."

गॅरेजच्या भाषेत इंजिन बसलं म्हणजे संपलं, एवढं मलाही माहीत होतं. मला डॉक्टरांकडे बघवेना म्हणून मी दुसरीकडे बघितलं. तर मागून त्यांचा आनंदी आवाज आला.

"बसलं? नक्की बसलं ना? पडलं नाही?"

मिस्त्री गोंधळला. "बसलं म्हंजे... बसलंच की."

"मग तोंड पाडून काय सांगतोस लेका! बसलेलं जनावर उठतं. मी किती उठवलीत! पडलेलं उठत नाही. बाई, ऐकलंत ना? म्हातारी पडली नाही, बसलीय. शब्द लागू होत नाही!"

मिस्त्रीनं माझ्याकडे बघितलं. मी मिस्त्रीकडे बघितलं. "व्हय डाक्टर," तो म्हणाला.

एक गाडीवान आपले बैल सोडून म्हातारीला जुंपायला तयार झाला, तर डॉक्टर त्याच्यावर उखडले. उपाशी बैलांना जुंपायचं नाही! शेवटी चाऱ्याच्या रिकाम्या ट्रकनं म्हातारीला दोरानं ओढत घरी आणलं.

मग जे चार-पाच दिवस गेले ते आठवले की अजून हसू येतं. डॉक्टरांनी गाडी निंबाच्या सावलीत ठेवली. बॉनेटवर गोणपाट टाकलं. बसलेलं जनावर एकाच कुशीवर राहिलं तर अंग सडतं, म्हणून रोज सकाळ-संध्याकाळ गाडी हातभर पुढे आणि हातभर मागे ढकलायची, असा हुकूम निघाला. एका बाजूनं मी, एका बाजूनं हौसाबाई, मागून मिस्त्री. अख्खा गाव बघायचा. हौसाबाई दात-ओठ खात म्हणायच्या, "माज्या सासूची बी येवढी शेवा केली न्हाई म्या."

आणि छावणी? पहिल्या दिवशी डॉक्टर काठी टेकत पायी गेले. परत आले ते ट्रकमधून, गुडघे टम्म सुजलेले. दुसऱ्या दिवशी स्टँडपर्यंत गेले आणि तिथल्या बाकावर बसून माघारी आले. तिसऱ्या दिवशी छावणीवरून एक माणूस पळत आला. "डाक्टर, चला वो. पवळी उठंना आमची. मान टाकलीया."

डॉक्टर उठले, खाली बसले. गाडीकडे बघितलं. मग त्या माणसाला हाताशी बसवून काय काय करायचं ते सगळं नीट सांगितलं, औषधाची बाटली दिली, कशी पाजायची ते दोनदा करून दाखवलं. तो गेला. दुसऱ्या दिवशी दुपारी निरोप आला, पवळी गेली.

डॉक्टर जेवले नाहीत. निंबाखाली जाऊन त्यांनी गाडीवरचं गोणपाट काढलं आणि नीट घडी करून ठेवलं. मी मागे जाऊन उभी राहिले.

"मी स्वतःलाच फसवत होतो, बाई," ते म्हणाले. "म्हातारी पडलीय. कामरगावच्या चढावरच पडली. हात लावल्याबरोबर कळलं होतं मला."

शनिवारी विलास आला तेव्हा ओट्यावर ट्रंक तयार होती. शेजारी डॉक्टर, कोट-टोपी घालून, लग्नाच्या वऱ्हाडाची वाट बघावी तसे ताठ बसलेले. "गाडी बंद पडली," ते म्हणाले. "शब्द दिला होता. चल."

विलास जिंकला होता. एवढी वर्षं तो ज्यासाठी येत होता ते ओट्यावर ट्रंक बांधून बसलं होतं. मला त्याचा मनातून इतका राग आला की मी त्याला पाणीसुद्धा विचारलं नाही. हौसाबाई स्वयंपाकघरातून बाहेर आल्या नाहीत. विलासनं ट्रंकेकडे बघितलं, वडिलांच्या सुजलेल्या गुडघ्यांकडे बघितलं. मग आत गेला. हौसाबाईंशी काय बोलला ते कळलं नाही, पण त्यांचा पवळी, पवळी असा रडवेला आवाज येत होता.

बाहेर आला तो अंगातला शर्ट काढूनच. "अण्णा, आजची एस.टी. काही मिळायची नाही," तो म्हणाला. "तोवर बघू तरी द्या काय झालंय."

"बघून काय करायचंय?"

"बघायला काय जातंय?"

मिस्त्रीला हाक गेली. दोघं गाडीखाली शिरले. अंधार पडेपर्यंत तिथंच होते. रविवारी सकाळी विलास रॉकेल आणतो म्हणून नगरला गेला आणि दुपारी परत येऊन पुन्हा गाडीखाली शिरला. सोमवारी तो कारखान्यात गेलाच नाही. डॉक्टर ओट्यावरून उठले नाहीत. टोपीसुद्धा काढली नाही. हौसाबाई मधूनमधून चहा नेऊन त्या दोघांच्या पायांपाशी ठेवत, कारण बाहेर तेवढेच दिसत होते.

सोमवारी दुपार कलल्यावर विलास बाहेर आला. केसांपासून नखांपर्यंत काळा. तो येऊन वडिलांसमोर उभा राहिला.

"अण्णा, काही नाही झालेलं. नुसती जाळी चोंदली होती. तुमच्या अर्ध्या डोसानं काजळी सुटली आणि सगळी जाळीत जाऊन अडकली. ऑइल वर चढेना, म्हणून थांबली." त्यानं गाडीकडे बघितलं. "बंद पडली नव्हती ती. बसली होती."

"व्हय डाक्टर," मिस्त्री मागून म्हणाला. "जाळीच."

डॉक्टर मुलाकडे बघत राहिले. मग काठी टेकत गाडीपाशी गेले. विलासनं हँडल मारलं. म्हातारी दोनदा खोकली आणि सुरू झाली. डॉक्टरांनी बॉनेटवर तळहात ठेवला, डोळे मिटले. 

"हं," ते म्हणाले. "बसलीच होती. डोस माझा चुकला." आणि टोपी काढून त्यांनी हौसाबाईंना हाक मारली, "ट्रंक आत घ्या."

विलास हात पुसत उभा होता. हात पुसून झाले तरी तो पुसतच होता. मग मी आत जाऊन त्याच्यासाठी पाणी आणलं, आणि हौसाबाईंनी आपल्या परातीत त्याला साबण लावून हात धुवू दिले, यावरून काय ते समजा.

संध्याकाळी डॉक्टरांनी त्याला म्हातारीतूनच स्टँडवर सोडलं. परत येऊन ते माझ्या पायरीवर बसले. उद्या छावणीवर जायचं म्हणून पेटीतल्या बाटल्या पुसत होते. मी म्हणाले, "बरं झालं हो, नुसती जाळीच होती ते."

डॉक्टर हसले. "जाळी धुवायला किती वेळ लागतो, बाई? आणि रॉकेल आणायला नगरला कशाला जायचं, सुप्यात रॉकेल मिळत नाही होय? आत सगळं जळालं होतं. कुठून कुठून सामान गोळा करून आणलं त्यानं, एकेक बसवलं. मेलेलं जनावर उभं केलं पोरानं, आणि मला सांगतो बसलं होतं."

"तुम्हाला कळत होतं? मग बोलला का नाहीत? तुम्ही तर शब्दाचे एवढे पक्के."

त्यांनी हातातली बाटली खाली ठेवली.

"काय बोलू? बाप हातात आला होता त्याच्या. गळ्यात दावं घालून, ट्रंकेवर बसलेला. नुसतं चला म्हणायचं होतं. आणि त्यानं आपल्या हातानं दावं सोडून दिलं." त्यांनी बाटली पुन्हा उचलली आणि पुसायला घेतली. "आता असल्या पोराला मी खोटं पाडू, बाई?"